विम ड्यूसेनबर्ग: नाणेनिधी ते अर्थमंत्री, अर्थमंत्री ते युरो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

युरोच्या पहिल्या नोटांवर ज्यांची सही आहे, त्या डच माणसाबद्दलचे हे प्रश्न. पैशाचं शास्त्र शिकलेला, मग मंत्री झालेला आणि मग पुन्हा पैशाकडेच परतलेला हा माणूस. विचारणाऱ्यांचा रोख बहुतेक एकाच गोष्टीवर असतो: डाव्या पक्षाचा अर्थमंत्री पुढे युरोपातला सगळ्यात कडक बँकर कसा झाला? माझं मत आधीच सांगून टाकतो. सरकारचे हात पैशासाठी कसे शिवशिवतात, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. पुढे सरकारांना नकार देताना त्यांना फारसं जड गेलं नाही, त्याचं कारण तेच.

थोडक्यात सांगा, हे कोण?

विलेम फ्रेडरिक, म्हणजे विम, ड्यूसेनबर्ग. जन्म ९ जुलै १९३५, मृत्यू ३१ जुलै २००५. अर्थतज्ज्ञ, प्राध्यापक, १९७३ ते १९७७ नेदरलँड्सचे अर्थमंत्री, १९८२ ते १९९७ डच मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष आणि १९९८ ते २००३ युरोपियन सेंट्रल बँकेचे, म्हणजे युरो सांभाळणाऱ्या मध्यवर्ती बँकेचे, पहिले अध्यक्ष.

नावाचा उच्चार नेमका कसा?

मराठी वर्तमानपत्रांत ‘ड्यूसेनबर्ग’ छापून येत असे, म्हणून इथंही तेच ठेवलं आहे. डच उच्चार ‘डाउसेनबेर्ख’च्या जवळ जातो. शेवटचा ‘ख’ घसा खरवडून काढायचा असतो, तो आपल्याला एका दमात जमत नाही.

त्यांची सुरुवात बँकेत झाली की राजकारणात?

दोन्हीकडे नाही, विद्यापीठात झाली. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातलं हेरेनफेन हे त्यांचं जन्मगाव. बर्फावरच्या स्केटिंगसाठी हे गाव ओळखलं जातं. शिक्षण ग्रोनिंगन विद्यापीठात झालं आणि १९६५ मध्ये तिथंच डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता निःशस्त्रीकरणाचे आर्थिक परिणाम. शीतयुद्ध ऐन भरात असताना हा तरुण हिशेब मांडत होता की उद्या देशांनी शस्त्रांवरचा खर्च थांबवला, तर त्या पैशाचं आणि त्या रोजगाराचं काय होईल. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केलं त्याची चुणूक इथं दिसते: उद्देश कितीही चांगला असो, आधी आकडेमोड.

त्यानंतर वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत काही वर्षं, मग डच मध्यवर्ती बँकेत सल्लागार आणि १९७० पासून अॅमस्टरडॅम विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक.

ते संसदेत नव्हते, मग थेट अर्थमंत्री कसे झाले?

हा प्रश्न भारतीय वाचकाला हमखास पडतो. आपल्याकडे मंत्री व्हायचं तर सहा महिन्यांच्या आत संसदेच्या कोणत्या तरी सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं. नेदरलँड्समध्ये उलटा कारभार आहे. तिथं मंत्री झालेल्याला संसदेचं सदस्यत्व ठेवता येत नाही. खासदार मंत्री झाला की जागा सोडतो, आणि बाहेरच्या तज्ज्ञाला थेट मंत्री करायला कोणतीही आडकाठी नसते. त्यामुळे प्राध्यापक, बँकर, कंपनीतले अधिकारी सरळ मंत्रिमंडळात येतात आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

मजूर पक्षाचे योप डेन आयल ११ मे १९७३ रोजी पाच पक्षांचं सरकार घेऊन पंतप्रधान झाले. त्यांनी अर्थखातं ड्यूसेनबर्ग यांच्याकडे दिलं. तेव्हा त्यांचं वय ३७ होतं.

अर्थमंत्री म्हणून त्यांच्या वाट्याला काय आलं?

खुर्चीत बसून सहा महिनेही झाले नाहीत तोच तेलाचं संकट आलं. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात नेदरलँड्सनं इस्रायलची बाजू घेतली म्हणून अरब देशांनी अमेरिकेबरोबर डच लोकांचंही तेल तोडलं. ४ नोव्हेंबर १९७३ ला पहिला ‘बिनगाडीचा रविवार’ पाळला गेला. रिकाम्या महामार्गांवर लोक सायकली आणि रोलर स्केट घेऊन उतरले. ते फोटो आजही गमतीनं पाहिले जातात, पण अर्थमंत्र्यासाठी त्यात गंमत काही नव्हती. जानेवारी १९७४ मध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. त्याच सुमारास सरकारनं मजुरी आणि किमतींवर नियंत्रण ठेवण्याचे खास अधिकार कायद्यानं मिळवले.

दुसरीकडे हे सरकार मुळात ‘उत्पन्न, ज्ञान आणि सत्ता यांचं वाटप’ करायला निघालेलं होतं. किमान वेतन, पेन्शन, भत्ते सगळं वाढत होतं. आणि खर्च करायला पैसा होता, कारण ग्रोनिंगन प्रांतात जमिनीखाली प्रचंड नैसर्गिक वायू सापडला होता आणि तेल महागलं तसा वायूही महागला. हा पैसा वरवर वरदान होता. त्याच्या जोरावर गिल्डर हे डच चलन बळकट झालं, डच कारखान्यांचा माल परदेशात महाग पडू लागला आणि खर्चाची सवय मात्र लागली. १९७७ मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकानं या दुखण्याला ‘डच डिसीझ’ असं नाव दिलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ते कायमचं जाऊन बसलं.

मजूर पक्षाचा मंत्री खर्चाला कात्री लावतो, हे पक्षाला कसं चाललं?

फारसं गोड लागलं नाही. १९७५ मध्ये महागाईचा दर १० टक्क्यांच्या आसपास होता आणि बेकारीही वाढत होती. तेव्हा ड्यूसेनबर्ग यांनी एक मर्यादा आखली: कर आणि सामाजिक वर्गण्यांचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा वर्षाला एक टक्क्यापेक्षा जास्त वाढू द्यायचा नाही. डच भाषेत याला ‘एक टक्क्याची मोहीम’ म्हणतात.

नीट वाचलं तर लक्षात येईल की ही कपात नव्हतीच. खर्च वाढणारच होता, फक्त कमी वेगानं. आजच्या मापानं ती अगदीच मवाळ वाटते. पण देशातल्या सगळ्यात डाव्या सरकारात बसून, तिजोरीत वायूचा पैसा येत असताना ‘इथं थांबा’ म्हणणं ही वेगळी गोष्ट होती. घरात पगारवाढ झाली त्याच दिवशी खर्चाची वही काढून बसणाऱ्या माणसाचं जे होतं, तेच त्यांचं झालं. हिशेब बरोबर होता, पण जेवताना कोणी बोललं नसेल!

मग राजकारण का सोडलं?

१९७७ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला १५० पैकी ५३ जागा मिळाल्या. यश मोठं होतं, तरी सत्ता हातची गेली. २०८ दिवस वाटाघाटी चालल्या आणि शेवटी ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि उदारमतवादी पक्षानं मिळून सरकार बनवलं. ड्यूसेनबर्ग काही काळ खासदार राहिले आणि १९७८ मध्ये राबोबँकेच्या संचालक मंडळावर गेले. निवडणुकीच्या राजकारणात ते पुन्हा आले नाहीत. म्हणजे एकूण कारकिर्दीत राजकारणाची वर्षं पाचच्या आसपास. तरी त्यांची ओळख ‘राजकारणी बँकर’ अशीच राहिली.

राबोबँक म्हणजे खासगी बँक का?

नाही, सहकारी. १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या दोन पतसंघटना एकत्र येऊन ती तयार झाली. त्यातल्या एकीच्या नावात जर्मन सहकाराचे जनक रायफायझेन होते, दुसरीच्या नावात ‘शेतकऱ्यांना कर्ज देणारी बँक’. दोघींची पहिली अक्षरं जुळवून ‘राबो’ झालं. आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्यांचं मूळही त्याच रायफायझेनच्या पद्धतीत आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा करताना तीच पद्धत समोर ठेवली होती. म्हणून सांगलीच्या किंवा नगरच्या वाचकाला ही बँक परकी वाटू नये.

त्यांना ‘पंधरा मिनिटांचे गृहस्थ’ का म्हणत?

१९८१ मध्ये ते डच मध्यवर्ती बँकेच्या संचालक मंडळावर आले आणि १ जानेवारी १९८२ ला येल्ले झाइलस्ट्रा यांच्या जागी अध्यक्ष झाले. झाइलस्ट्राही फ्रीसलंडचेच, तेही माजी अर्थमंत्री आणि काही महिने पंतप्रधानसुद्धा. त्यामुळे मंत्री मध्यवर्ती बँकेत गेला म्हणून डच लोकांनी भुवया उंचावल्या नाहीत.

ड्यूसेनबर्ग यांनी एकच धोरण धरलं: गिल्डर जर्मन मार्कला बांधून ठेवायचा. एका मार्कला साधारण १.१३ गिल्डर, हा भाव हलू द्यायचा नाही. त्यासाठी बुंडेसबँकेनं, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेनं, व्याजदर बदलला की डच बँकही लगोलग बदलायची. किती लगोलग, तर पंधरा मिनिटांत. त्यावरून हे टोपणनाव पडलं.

चेष्टा सोपी आहे. पण मागचं गणित बघा. नेदरलँड्सचा व्यापार जर्मनीशी घट्ट बांधलेला. रॉटरडॅमच्या बंदरात उतरलेला माल ऱ्हाइन नदीतून वर जर्मनीत जातो. अशा देशानं स्वतंत्र पतधोरणाचा आव आणला तर मिळतं काय? दर वेळी चलन घसरण्याची भीती आणि त्या भीतीपोटी चढे व्याजदर.

याचा धडा एकदा मिळालाही. मार्च १९८३ मध्ये एकमेकांशी बांधलेल्या युरोपातल्या चलनांचे दर नव्यानं बसवले गेले. मार्कचं मूल्य ५.५ टक्क्यांनी वाढलं. पंतप्रधान लुबर्स यांच्या सरकारनं डच बँकेचा सल्ला बाजूला ठेवून गिल्डर ३.५ टक्केच वाढवला. फरक दोन टक्क्यांचा. निर्यातीला थोडी मदत होईल असा विचार होता. पण बाजारानं ते लक्षात ठेवलं आणि त्यानंतर बरीच वर्षं डच कर्जरोख्यांवर जर्मनीपेक्षा जास्त व्याज मोजावं लागलं. दोन टक्के वाचवायला गेलेल्या सरकारनं विश्वास गमावला तो असा.

पुढे १९९३ च्या ऑगस्टमध्ये या चलनांवर सटोडियांचा मोठा हल्ला झाला. बहुतेक देशांना आपल्या दराभोवती १५ टक्क्यांपर्यंत चढउताराची मोकळीक द्यावी लागली, तेव्हा फक्त जर्मनी आणि नेदरलँड्स आपापसात जुन्या २.२५ टक्क्यांच्या पट्ट्यात राहिले. पंधरा मिनिटांची ती सवय दहा वर्षांनी कामाला आली होती.

सरकार डच बँकेला आदेश देऊ शकत नव्हतं का?

कागदावर देऊ शकत होतं. १९४८ च्या कायद्यात अर्थमंत्र्याला बँकेला सूचना देण्याचा अधिकार होता. तो एकदाही वापरला गेला नाही. चलनाचा अधिकृत दर ठरवणं मात्र सरकारच्या हातात होतं, म्हणून १९८३ घडू शकलं.

युरोपियन सेंट्रल बँकेचं अध्यक्षपद त्यांना कसं मिळालं?

भांडणातून. १९८८-८९ मध्ये युरोपियन कमिशनचे अध्यक्ष जाक देलॉर यांच्या समितीनं सामायिक चलनाचा आराखडा केला, त्या समितीत ड्यूसेनबर्ग होते. जुलै १९९७ मध्ये ते फ्रँकफर्टला युरोपियन सेंट्रल बँकेच्या पूर्वतयारी संस्थेचे प्रमुख झाले. मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांचं त्यांच्यावर एकमत होतं, त्यामुळे पुढचं पद त्यांचंच असं सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक यांनी अचानक आपल्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर जाँ-क्लोद त्रिशे यांचं नाव पुढे केलं.

मे १९९८ ची ब्रसेल्सची परिषद म्हणजे युरोच्या बारशाचा सोहळा व्हायचा होता. युरोपियन युनियनचं फिरतं अध्यक्षपद तेव्हा ब्रिटनकडे होतं, म्हणून ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यजमान होते. दुपारच्या जेवणाला बसलेले नेते मध्यरात्र उलटली तरी उठले नाहीत. सामायिक चलनाच्या करारात बँकेच्या अध्यक्षाची मुदत आठ वर्षं लिहिलेली होती आणि फ्रान्सला ती अर्धी करून हवी होती. लेखी तसं करणं म्हणजे करार मोडणं. मग तोडगा निघाला: ड्यूसेनबर्ग यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं की वयामुळे आपण पूर्ण मुदत राहू इच्छित नाही, निदान युरोच्या नोटा येईपर्यंत राहू, आणि कधी जायचं ते आपणच ठरवू. आपल्याकडे याला ‘समजुतीनं घेणं’ म्हणतात. साखर कारखान्याचं अध्यक्षपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

कोणत्याही राजकारण्याचं ऐकायचं नाही, हेच ज्या संस्थेचं मुख्य काम, तिचा जन्मच असा राजकीय देवघेवीत झाला. मला ही गोष्ट त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात अवघडलेली वाटते. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं का? म्हटलं असतं तर पद दुसऱ्याला गेलं असतं, कदाचित युरोची सुरुवातही डळमळली असती. पण होकारामुळे पुढची पाच वर्षं प्रत्येक पत्रकार परिषदेत ‘तुम्ही कधी जाताय?’ हा प्रश्न त्यांच्या मागे लागला.

युरोची पहिली वर्षं त्यांनी कशी सांभाळली?

१ जून १९९८ ला पदभार घेतला. १ जानेवारी १९९९ ला अकरा देशांचं चलन हिशेबापुरतं युरो झालं. व्याजदर ३ टक्के, उद्दिष्ट महागाई २ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचं. जर्मनीचे अर्थमंत्री ऑस्कर लाफोंतेन व्याजदर कमी करा म्हणून जाहीरपणे मागे लागले होते, बँक हलली नाही. मार्च १९९९ मध्ये लाफोंतेन यांनी राजीनामा दिला आणि एप्रिलमध्ये बँकेनं दर अडीच टक्क्यांवर आणला. कारण वेगळं असेल, पण निरोप सगळ्यांना कळला.

खरी परीक्षा चलनाच्या दरानं घेतली. सुरुवातीला एका युरोला १ डॉलर १८ सेंट मिळत होते. ऑक्टोबर २००० मध्ये ते ८२-८३ सेंटवर आले. सप्टेंबरमध्ये जी-७ देशांनी मिळून युरो विकत घेतला होता. त्यानंतर महिनाभरातच ड्यूसेनबर्ग एका ब्रिटिश दैनिकाच्या मुलाखतीत पुढच्या हस्तक्षेपाबद्दल मोकळेपणानं बोलून गेले. बाजारानं त्याचा अर्थ ‘आता कोणी वाचवायला येणार नाही’ असा घेतला, युरो आणखी घसरला आणि राजीनाम्याची मागणी सुरू झाली.

हा त्यांचा खरा दोष. ते सरळ बोलत. मध्यवर्ती बँकरनं चार वाक्यं बोलून काहीच न सांगण्याची कला अवगत करायची असते. ती त्यांना आली नाही, किंवा त्यांनी शिकून घेतली नाही. प्राध्यापकाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची खोड असते.

‘कानावर येतं, पण मी कान देत नाही’ हे वाक्य त्यांचंच का?

हो, एप्रिल २००१ च्या पत्रकार परिषदेतलं. अमेरिका व्याजदर झपाट्यानं उतरवत होती आणि युरोपनंही उतरवावा म्हणून सगळीकडून दबाव होता. त्यावर त्यांनी इंग्रजीत ‘आय हिअर, बट आय डू नॉट लिसन’ असं सांगितलं. मराठीत ते आणखी ठसक्यात बसतं. पण पुढची गंमत अशी की १० मे २००१ रोजी बँकेनं दर पाव टक्क्यानं उतरवला आणि सगळे चकित झाले. सरकारांना कान द्यायचा नाही हे ठीक. पण बाजाराला आपला विचार आधी कळायला हवा, तिथं गडबड झाली.

त्यांनी मुदतीआधी जाऊन शब्द पाळला का?

पाळला, आणि त्यांच्याच अटीवर. २००२ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की ९ जुलै २००३ ला, ६८ व्या वाढदिवशी, आपण पद सोडू. नोटा तोवर लोकांच्या खिशात पोचल्या होत्या. पण अडचण वारसाची आली. त्रिशे यांच्यावर क्रेदी लिओने या फ्रेंच बँकेच्या हिशेबांवरून खटला चालू होता. जून २००३ मध्ये ते निर्दोष सुटले, तोवर ड्यूसेनबर्ग यांनाच थांबायला सांगण्यात आलं. ज्या फ्रान्सला ते लवकर जायला हवे होते, त्याच फ्रान्सच्या उमेदवारासाठी त्यांना जास्त थांबावं लागलं. ३१ ऑक्टोबर २००३ हा त्यांचा शेवटचा दिवस.

आपल्याकडे अशी कारकीर्द कोणाची?

चिंतामणराव देशमुखांचं नाव लगेच आठवतं, पण त्यांचा रस्ता उलट दिशेचा. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये अर्थमंत्री. आधी बँक, मग मंत्रालय. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. तिथं जन्मलेल्या नाणेनिधीत वीसेक वर्षांनी ड्यूसेनबर्ग नोकरीला लागले. देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं, हे इथं कोणाला सांगायला नको. तसं तत्त्वासाठी कडकडीतपणे पद सोडणं ड्यूसेनबर्ग यांच्या नावावर नाही.

असे आणखी डच अर्थमंत्री झाले का?

बरेच. ओनो रुडिंग नाणेनिधी आणि अॅमरो बँकेतून १९८२ मध्ये अर्थमंत्री झाले आणि नंतर सिटी बँकेत गेले. वाउटर बॉस शेल कंपनीतून आले. वॉपके हुक्स्ट्रा शेल आणि मॅकिन्झीमधून येऊन २०१७ मध्ये अर्थमंत्री, पुढे परराष्ट्रमंत्री आणि २०२३ मध्ये युरोपियन युनियनचे हवामान आयुक्त झाले. खेरिट झाल्म आधी मंत्री, नंतर ए.बी.एन. अॅमरोचे प्रमुख. ही ये-जा तिथं रुळलेली आहे. चांगली की वाईट, यावर डच लोक आपसात भांडतातच.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

दक्षिण फ्रान्समधल्या फोकाँ गावातल्या आपल्या घरी, पोहण्याच्या तलावात. हृदय बंद पडलं आणि ते बुडाले. वय ७० होतं. दफन अॅमस्टरडॅमच्या झोर्गफ्लीट स्मशानभूमीत झालं.

माझ्याकडे २००२ ची युरोची नोट आहे. त्यावर त्यांची सही आहे का, आणि ती चालते का?

नोटेच्या पुढच्या बाजूला युरोपीय झेंड्याजवळ सही असते. पहिल्या मालिकेच्या नोटांवर आधी ड्यूसेनबर्ग, मग त्रिशे आणि नंतर मारिओ द्रागी यांच्या सह्या आल्या, त्यामुळे २००२ छापलेलं आहे एवढ्यावरून ठरवू नका, सही बघा. या नोटा अजूनही कायदेशीर चलन आहेत. जमवणाऱ्यांनी जमल्यास डच २५० गिल्डरची १९८५ ची नोटही शोधावी, दीपगृहाचं चित्र असलेली. तिच्यावरही त्यांचीच सही आहे. ती मात्र आता दुकानात चालत नाही: २.२०३७१ गिल्डरला एक युरो या भावानं ते चलन बंद झालं, आणि तेव्हा फ्रँकफर्टच्या खुर्चीत तेच बसलेले होते.